ही थकबाकी नक्की कोणाची?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नवरा, त्या आणि चौदा महिन्यांची मुलगी असं हे कुटुंब. एकोणीस महिन्यांपूर्वी ते सध्याच्या भाड्याच्या घरात आले. लेटिंग एजंटने एका कंपनीचं नाव सांगितलं, तिथे खातं उघडलं आणि तेव्हापासून दरमहा डायरेक्ट डेबिट जातो आहे. गॅस आणि वीज दोन्ही त्यातच आहे अशी समजूत होती. प्रत्यक्षात ते खातं निव्वळ गॅसचं निघालं. वीज दुसऱ्याच कंपनीची होती. त्या कंपनीची पाकिटं ‘द ऑक्युपायर’ (घरात राहणारा) या नावाने यायची आणि आधीच्या भाडेकरूची असतील म्हणून न उघडताच टाकून दिली जायची. गेल्या महिन्यात कंपनीने एजंटकडून नाव मिळवून थेट नवऱ्याच्या नावाने पत्र पाठवलं: तीस महिन्यांची थकबाकी, २,३८० पौंड. पाठोपाठ एक टॉप-अप कार्ड आलं आणि एका संध्याकाळी घरातली वीज गेली. घरी कोणी आलं नव्हतं. स्मार्ट मीटर दुरूनच प्रीपेमेंटवर, म्हणजे ‘आधी पैसे भरा, मग वीज वापरा’ या पद्धतीवर टाकला होता. दुकानात जाऊन २० पौंड भरले, तर त्यातले ६ पौंड परस्पर थकबाकीत वळते झाले. नवऱ्याचं म्हणणं, ‘या कंपनीशी आपण करारच केला नाही, एक पेनी द्यायची नाही.’ पत्रलेखिकेला वाटतं, व्हिसाची मुदत वाढवायची वेळ जवळ आली आहे, परक्या देशात नसती भानगड नको. आईला इकडे बोलावण्यासाठी जमवलेले पैसे आहेत, ते भरून मोकळं व्हावं. यावरून घरात अबोला आहे. त्या विचारतात, कोणाचं बरोबर?

*

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात: मुलगी चौदा महिन्यांची आहे. तिथूनच सुरुवात करू. थकबाकी कोणाची हा वाद महिना-दोन महिने चालला तरी चालेल, मीटरचं मात्र आजच बघायला हवं.

ब्रिटनमध्ये ग्राहकाच्या संमतीशिवाय प्रीपेमेंट मीटर बसवण्यावर नोव्हेंबर २०२३ पासून कडक नियम आहेत. वीज आणि गॅस कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ऑफजेमने ते कंपन्यांच्या परवान्याच्या अटींतच घातले आहेत. त्याआधी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, ‘द टाइम्स’च्या बातमीदाराने हा सगळा प्रकार उघडकीला आणला होता. घरात शिरण्याचं कोर्टाचं वॉरंट घेऊन आलेले कंत्राटदार लहान मुलं आणि आजारी माणसं असलेल्या घरांची कुलपं उघडून मीटर बदलत होते. त्यानंतर सक्तीने मीटर बसवणं काही काळ थांबवलं गेलं आणि मग हे नियम आले. त्यांनुसार घरात दोन वर्षांखालचं मूल असेल, घरातल्या कोणाचा जीव विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणावर अवलंबून असेल, कोणाला गंभीर आजार असेल, किंवा पंचाहत्तरीच्या पुढची व्यक्ती आधाराविना राहत असेल, तर सक्तीने प्रीपेमेंट लावताच येत नाही. इतर घरांतही आधी किमान दहा वेळा संपर्काचा प्रयत्न करावा लागतो. घरात कोण आहे, कसं आहे हे बघायला माणूस पाठवावा लागतो. दुरून स्मार्ट मीटरचा प्रकार बदलणं हीसुद्धा नियमांच्या दृष्टीने सक्तीच आहे. ‘आम्ही कुठे दार तोडलं’ असं म्हणून कंपनीला सुटता येत नाही.

तेव्हा आज फोन करा आणि एवढंच सांगा: घरात दोन वर्षांखालचं बाळ आहे, मीटर आमच्या संमतीशिवाय प्रीपेमेंटवर टाकला आहे, तो आज क्रेडिटवर (आधी वापर, मग बिल) परत आणा. जे दुरून केलं ते दुरून उलटंही करता येतं, इंजिनीअर येण्याची वाट बघायची गरज नसते. प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये, म्हणजे विशेष काळजी घ्यायच्या घरांच्या यादीत, तुमचं नाव घालायलाही सांगा. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घराला तो हक्क आहे. सक्तीने मीटर बदलताना प्रत्येक मीटरमागे ३० पौंड जमा करायचे किंवा तेवढ्या पैशांची वीज वापरून होईपर्यंत ती जाऊ द्यायची नाही, असाही नियम आहे. ते पैसे तुमच्या मीटरवर दिसतात का, विचारा. समोरचा माणूस टोलवाटोलवी करायला लागला तर सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनला ०८०८ २२३ ११३३ वर फोन करा. फोन फुकट आहे. घरात तान्हं मूल आहे आणि मीटरवरचे पैसे संपत आले आहेत, हे पहिल्याच वाक्यात सांगा. अशी प्रकरणं ते आपल्याकडच्या वेगळ्या पथकाकडे सोपवतात आणि ते पथक तुमच्या वतीने कंपनीशी बोलतं.

मीटर परत क्रेडिटवर येईपर्यंत टॉप-अप मात्र करत राहा. निषेध म्हणून ते थांबवलं तर त्रास कंपनीला होणार नाही, बाळाला होईल. प्रत्येक वेळी किती भरले आणि त्यातले किती कापले गेले याची पावती आणि डिस्प्लेचा फोटो तेवढा ठेवा.

आता तुमच्या भांडणाकडे येते. तुम्ही दोघं एकच गोष्ट गृहीत धरून भांडताय, असं मला वाटतं: २,३८० हा आकडा अखंड आहे, एक तर तो पूर्ण द्यायचा किंवा पूर्ण नाकारायचा. तुम्ही पाठवलेले फोटो पाहिल्यावर मला तसं वाटत नाही.

नवऱ्याचा मुद्दा आधी घेऊ. करार केला नाही हे खरं. पण इथल्या कायद्यात तुम्ही घरात राहायला येऊन पहिला दिवा लावलात, की त्या घराला वीज देणाऱ्या कंपनीशी तुमचा करार आपोआप झाला असं मानलं जातं. याला डीम्ड कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. सही लागत नाही. त्यामुळे ‘एक पेनी देणार नाही’ ही भूमिका टिकणार नाही आणि ती लेखी घेतलीत तर तुमच्या खऱ्या तक्रारीचंही वजन जाईल. एकोणीस महिने वीज तुम्ही वापरली आहे. तिचे पैसे द्यायचे आहेत. पण तोच करार दुसऱ्या बाजूनेही लागू होतो: तो तुमच्या ताब्यात घर आलं त्या दिवसापासून सुरू होतो, त्याच्या आदल्या दिवसापासून नाही. आधीच्या भाडेकरूची थकबाकी घराला चिकटत नाही.

आता तुमचा मुद्दा. लेटरहेडवर छापून आलं म्हणजे बरोबरच असणार, असं तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही पाठवलेल्या इन्व्हेंटरी रिपोर्टच्या (घर ताब्यात घेतानाच्या नोंदींच्या) शेवटून दुसऱ्या पानावर जिन्याखालच्या कपाटाचा फोटो आहे. त्यात झाडू, इस्त्रीचा बोर्ड आणि मागे मीटर. फोटो मोठा करून पाहिलात तर आकडा स्वच्छ वाचता येतो: २१,४८०. खाली तुमच्या चेक-इनची तारीख आहे. कंपनीच्या हिशेबात सुरुवातीचं रीडिंग १७,९०० आहे आणि शेवटचं २५,३१०. म्हणजे कंपनी मागते ७,४१० युनिटचे पैसे. तुमचे आहेत ३,८३०. उरलेले ३,५८० युनिट तुम्ही त्या घरात पाऊल टाकण्याआधीच जळून गेलेले आहेत.

तुमचे ३,८३० युनिट आकड्याने पटण्यासारखे आहेत का, हेही मी ताडून पाहिलं. मध्यम वापराच्या घरासाठी ऑफजेम वर्षाला २,७०० युनिट धरत आलं आहे. त्या हिशेबाने एकोणीस महिन्यांचे सव्वाचार हजारांच्या आसपास होतात. तुमचा वापर त्याहून थोडा कमी, म्हणजे अगदी सर्वसाधारण आहे. युनिटला २५ पेन्स आणि स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो, लागणारा ठरावीक आकार) रोजचा ५५ पेन्स असा ढोबळ दर लावला तर तुमचा वाटा १,२७५ पौंडांच्या आसपास येतो. अचूक दर कंपनीच्या बिलात तारखेनुसार दिलेले असतात, ते लावून पुन्हा मांडा. पण एवढं नक्की, की २,३८० मधले हजाराहून अधिक पौंड तुमचे नाहीत. तुम्ही आईच्या तिकिटाच्या पैशांतून दुसऱ्या कोणाची तरी वीज भरायला निघाला होतात.

हिशेब मांडण्याआधी एक तपासणी करून घ्या. बिलावरचा मीटरचा सीरियल नंबर आणि कपाटातल्या मीटरवरचा नंबर एकच आहे का बघा. मग फ्यूजबॉक्समधला मुख्य स्विच मिनिटभर बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबतो का ते पाहा. घरातलं सगळं बंद असताना तो लुकलुकतच राहिला तर त्या मीटरवर दुसऱ्या कोणाची वीज मोजली जात असण्याची शक्यता आहे. जुन्या घरांचे दोन-तीन फ्लॅट केलेले असतात तिथे असे गोंधळ आढळतात.

तुमच्या बाजूने बोलणारा आणखी एक नियम आहे, बॅक-बिलिंगचा. मे २०१८ पासून घरगुती ग्राहकांसाठी असं आहे, की कंपनीने वेळेवर बरोबर बिल दिलं नसेल तर बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे तिला मागता येत नाहीत. हा नियम तुम्हाला पूर्ण लागू झाला तर १,२७५ चेही सुमारे आठशेच उरतील. पण इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. कंपनी म्हणेल, आम्ही बिलं पाठवत होतो, ‘ऑक्युपायर’ म्हणजे तिथे राहणारा, म्हणजे तुम्हीच, आणि तुम्ही ती उघडली नाहीत. त्या म्हणण्यात तथ्य आहे. तुमच्याकडे उत्तर आहे ते असं, की त्या बिलांत आधीच्या माणसाचा वापर मिसळलेला होता, म्हणजे ती बरोबर नव्हतीच. तुम्ही आडमुठेपणा केला नाही, मीटर बघायला आलेल्या कोणाला दार बंद केलं नाही. हा मुद्दा तक्रारीत जरूर मांडा, पण त्याच्यावर संसाराचं बजेट आखू नका. रीडिंगचा मुद्दा भक्कम आहे, हा वादाचा आहे.

तक्रार लेखी करा. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ईमेल पाठवा, त्यात ज्याच्याशी बोललात त्याचं नाव आणि वेळ लिहा. विषयातच ‘औपचारिक तक्रार’ असं म्हणा, कारण चौकशी आणि तक्रार यांत फरक करून दिवस काढायची सवय अनेक कस्टमर सर्व्हिस विभागांना असते. मजकूर लांबलचक नको. आम्ही अमुक तारखेला राहायला आलो. त्या दिवशीचं रीडिंग इतकं होतं. सोबत भाडेकरार, इन्व्हेंटरीचा फोटो आणि काउन्सिल टॅक्सचं (स्थानिक पालिकेच्या कराचं) पहिलं बिल. त्याआधीच्या वापराशी आमचा संबंध नाही, ती रक्कम आम्हाला मान्य नाही. आमच्या काळाचं नवं, तारखेनुसार बिल द्या, बॅक-बिलिंगचा नियम लावून. मीटर प्रीपेमेंटवर टाकताना नियम मोडले आहेत, तो क्रेडिटवर आणा आणि झालेल्या त्रासाची भरपाई द्या. टॉप-अपमधून कापलेले पैसे आमच्या खात्यावर दाखवा. आमच्या वाट्याची रक्कम आम्ही दरमहा अमुक हप्त्याने द्यायला तयार आहोत.

हे शेवटचं वाक्य टाळू नका. जे देणं मान्य आहे ते आपण होऊन सांगितलं, की जे अमान्य आहे त्याला वजन येतं. हप्ता मात्र झेपेल तेवढाच सांगा. तुमची ऐपत बघून हप्ता ठरवणं हे कंपनीवर बंधन आहे, सहा महिन्यांत सगळं फेडा असा हट्ट तिला धरता येत नाही. पहिला हप्ता भरताना ‘हा आमच्या राहण्याच्या काळातल्या वापरापोटी, उरलेली रक्कम अमान्य’ असं लिहून भरा.

तुमच्या पत्रात जागोजागी एक भीती आहे, तिच्याबद्दलही बोलायला हवं. वीज कंपनीशी भांडलं तर व्हिसा अडकेल, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं आहे. इमिग्रेशनच्या नियमांत कर्जांचा उल्लेख आहे, हे खरं. एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, ५०० पौंड किंवा त्याहून जास्त थकलेले असतील तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. होम ऑफिसशी (ब्रिटनच्या गृहखात्याशी) झालेल्या कोर्टकचेरीचा खर्च थकवला असेल तरीही. खासगी वीज कंपनीचं वादातलं बिल त्या यादीत नाही. तुमच्या अर्जात आणखी काही गुंतागुंत असेल तर अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला एकदा विचारून घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

खरा धोका दुसरीकडे आहे. वाद न मांडता नुसतं गप्प बसलं तर प्रकरण वसुली एजन्सीकडे जाऊ शकतं, क्रेडिट रेकॉर्डवर डिफॉल्ट, म्हणजे पैसे बुडवल्याची नोंद, लागू शकतो, कोर्टाचा निवाडा तुमच्या गैरहजेरीत होऊ शकतो. पुढे घरासाठी कर्ज घ्यायला गेलात की ते आडवं येतं. म्हणजे बिनबोभाट पैसे भरणं आणि पत्रं फाडून टाकणं, हे दोन्ही सोडून तिसरी वाट धरली तरच तुम्ही सुरक्षित आहात. वसुली एजन्सीचं पत्र आलंच तर घाबरू नका. एजन्सीचा माणूस म्हणजे बेलिफ (जप्ती अधिकारी) नव्हे, त्याला घरात यायचा काहीही अधिकार नसतो. त्याला ‘ही रक्कम वादात आहे, तक्रारीचा क्रमांक हा’ असं एका ओळीचं उत्तर पाठवा आणि प्रत कंपनीला द्या.

कंपनीला उत्तरासाठी आठ आठवडे मिळतात. तेवढ्यात निकाल लागला नाही, किंवा त्याआधीच ‘आमच्याकडून हे शेवटचं’ असं पत्र आलं, तर ग्राहक आणि कंपनी यांच्यातले वाद सोडवणाऱ्या एनर्जी ऑम्बुड्समनकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, कागदपत्रं ऑनलाइन द्यायची. अंतिम पत्र मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत मात्र जायला हवं. ऑम्बुड्समन कंपनीला बिल दुरुस्त करायला, माफी मागायला आणि १०,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायला सांगू शकतो. निर्णय तुम्हाला पटला आणि तुम्ही तो स्वीकारलात, तर कंपनीला तो पाळावाच लागतो. नाही पटला तर तुमच्यावर तो लादला जात नाही.

न उघडलेल्या पाकिटांबद्दल तुम्ही स्वतःला फार लावून घेतलं आहे. नव्या देशात, नव्या बाळासकट, दुसऱ्याचं टपाल उघडू नये एवढा सभ्यपणा पाळणाऱ्या माणसाकडून हे होणं अगदी शक्य आहे. तक्रारीत ते लपवू नका, जसं घडलं तसं लिहा. मात्र इतर वाचकांनी हे लक्षात ठेवावं: ‘द ऑक्युपायर’ लिहिलेलं पाकीट उघडायचं असतं. आधीच्या भाडेकरूचं नाव असेल तर ते ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असं लिहून परत टाकायचं. आणि गॅस नि वीज एकाच कंपनीकडे असेल असं एजंटच्या शब्दावर कधीच धरू नये. राहायला येण्याच्या दिवशी दोन्ही मीटरचे आकड्यासकट फोटो काढावेत आणि पहिल्या बिलावर दोन्हींची वेगवेगळी नोंद आहे का ते पाहावं. नव्या घरात जुना किल्ली किंवा कार्डवाला प्रीपेमेंट मीटर असेल तर पहिला टॉप-अप करण्याआधी कंपनीला फोन करून आपण नवे आहोत हे कळवावं. नाहीतर आधीच्या माणसाची उधारी तुमच्या पैशातून कापली जाऊ लागते.

काही वाचकांच्या हातात वॉरंटच्या सुनावणीची नोटीस असेल, मीटर अजून बदललेला नसेल. त्यांच्यासाठी कायद्यातली एक तरतूद मोलाची आहे. ज्या रकमेबद्दल खरोखरीचा वाद चालू आहे, तिच्या वसुलीसाठी वीज तोडण्याचा किंवा प्रीपेमेंट मीटर लावण्याचा अधिकार कंपनीला वापरता येत नाही. १९८९ च्या इलेक्ट्रिसिटी ॲक्टमध्ये ते लिहिलेलं आहे, गॅसच्या कायद्यातही तसंच आहे. पण वाद आहे हे कंपनीला आणि कोर्टाला कळायला हवं. सुनावणीच्या आधी लेखी तक्रार पाठवा, तिची प्रत मॅजिस्ट्रेट्स कोर्टाला पाठवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. या सुनावण्यांत एकामागून एक अर्ज येतात आणि ग्राहक बहुतेक वेळा हजरच नसतो. समोर उभं राहून ‘हे रीडिंग माझं नाही, हा फोटो’ असं सांगणारा माणूस असला तर अर्ज तसाच पुढे सरकत नाही.